पिवळी तार, लाल तार

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा त्यांची अपेक्षा अर्थातच शाळेच्या वाटचालीवरील लेखाची होती. इतिहासात एम. ए. केलेल्या आणि या आवारात उभे आयुष्य काढलेल्या शिक्षकाकडून दुसरे काय मागणार? परंतु तो इतिहास याच ग्रंथात माझ्याहून अधिकारी माणसांनी लिहिला आहे. मी लिहितो आहे ते माझ्या जुन्या मोटारीतील गाण्याच्या टेपविषयी. या पुस्तकात हा विषय उपरा वाटेल, याची मला जाणीव आहे. मात्र २०१८ च्या सप्टेंबर महिन्यात एका सोमवारी सकाळच्या परिपाठाला मी जे बोललो, ते वसतिगृहातील दीडशे मुलांनी ऐकले होते. पुढे मी त्याची दुरुस्ती केली, ती दिवाळीच्या सुटीनंतर. तेव्हा काही मुले गावाहून परतायची होती, काही परत आलीच नाहीत. म्हणजे आरोप ज्यांनी ऐकला त्या सर्वांपर्यंत दुरुस्ती पोचली नाही. ती मुले आता विशी ओलांडून गेली आहेत आणि हे पुस्तक माजी विद्यार्थ्यांकडे जाणार आहे. तेव्हा ती दुरुस्ती एकदा छापील असावी.

गाडी लहान, पेट्रोलवर चालणारी, २०१५ साली दुसऱ्या हाताने घेतलेली. मी वसतिगृहाचा गृहपाल, त्यामुळे आवारातल्याच निवासस्थानी राहणारा. पत्नी चौदा किलोमीटरवरील जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. सकाळी तिला सोडून यायचे, संध्याकाळी घेऊन यायचे, असा गाडीचा दिनक्रम होता. शनिवारी दुपारनंतर ती निवासस्थानासमोरच्या कडुलिंबाखाली उभी राहायची ती थेट सोमवारी सकाळी हलायची. हा दिनक्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढचे सगळे गणित त्यावरच उभे आहे, आणि नेमके तेच मी ध्यानात ठेवले नव्हते.

गाडीत मूळचा टेप नव्हता. घेतली त्याच वर्षी, दीक्षाभूमीला जाण्याच्या आदल्या आठवड्यात, मी नागपुरातील एका दुकानातून तो बसवून घेतला. आपल्या बोलीत अजूनही त्याला टेपच म्हणतात, आत फीत उरली नसली तरी. पेन ड्राइव्ह लावण्याची सोय, पुढच्या दारांत दोन स्पीकर, मागच्या फळीवर दोन, आणि मागच्या दोघांना जोर देण्यासाठी चालकाच्या शेजारच्या आसनाखाली एक लहान ॲम्प्लिफायर. दुकानातल्या मुलाने दोन तासांत काम उरकले. गाणी वाजू लागली. वायरी कुठून कुठे गेल्या हे मी पाहिले नाही. पाहिले असते तरी काही कळले नसते.

नववीत एक मुलगा होता. त्याचे नाव येथे लिहीत नाही. त्याच्या वर्गमित्रांना ते लिहिण्याची गरज नाही आणि इतरांना त्याचे प्रयोजन नाही. त्याचे वडील गावच्या गायन पार्टीत गात. भीमजयंतीच्या कार्यक्रमात गायलेल्या त्यांच्या गाण्यांचे कोणीतरी मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले होते आणि मामाने ते पेन ड्राइव्हमध्ये घालून मुलाला दिले होते. वडील त्या वर्षी पुण्याकडे बांधकामावर गेले होते. वसतिगृहात मोबाइल ठेवण्यास मनाई, आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे मुलाच्या हातात पेन ड्राइव्ह होता आणि तो लावायला काही नव्हते. एके रविवारी त्याने बिचकत विचारले. मी चावी दिली. तेव्हापासून दर रविवारी चार ते पाच तो गाडीत बसून ती गाणी ऐकायचा, पाच वाजता काच वर करून, दार लावून, चावी माझ्या हातात आणून द्यायचा. एकदा मी त्याला बाजारातून वह्यांचे गठ्ठे आणायला सोबत नेले होते. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, “सर, गाडी चालू केली का गाण्यात शिट्टी वाजते. रेस देली का शिट्टी बारीक होते. आन् मागूनच येते.” मी म्हणालो, “जुनी गाडी आहे, वाजायचीच.” एका उत्तम निरीक्षणाची मी अशी वासलात लावली.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका सोमवारी सकाळी गाडी सुरूच होईना. मुलांनी धक्का मारला तेव्हा चालू झाली. तालुक्याच्या गावी बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याने टोके घासली, काहीतरी लावून पाहिले आणि निकाल दिला, “गुरुजी, बॅटरी खतम. चार वर्सं झाले, अजून किती चालन?” ३,६०० रुपये मोजून नवी बॅटरी बसवली. ती पस्तीस अँपिअर-तासांची होती. हा आकडा तिच्या अंगावर ठळक छापलेला होता. त्याचा अर्थ मला पुढे नोव्हेंबरात कळला.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी रात्री अकराच्या सुमारास सहावीतील एका विद्यार्थ्याच्या पोटात असह्य दुखू लागले. उजव्या बाजूला हात लावू देईना, अंगात ताप. मी त्याला मागच्या आसनावर निजवले, चावी फिरवली. सेल्फने नुसते टक-टक केले. पुन्हा फिरवली, दिवे मंदावले. रात्री धक्का मारायला मुलांना उठवले, पण आवारातली वाट तेव्हा चिखलाने भरलेली, चाके रुतत होती. अखेर शेजारच्या शेतकऱ्याला हाक मारली आणि त्याच्या मालवाहू गाडीतून, पाठीमागे सतरंजी अंथरून, त्या मुलाला रुग्णालयात नेले. पाऊण तास गेला. अपेंडिक्स होते. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा सुखरूप राहिला. मात्र त्या पाऊण तासात त्याने माझा हात ज्या ताकदीने धरला होता, ती ताकद मी विसरलो नाही.

पहाटे चार वाजता परतलो, आणि सकाळच्या परिपाठाला उभा राहिलो. झोप नव्हती, ही सबब मी तेव्हा मनाशी वापरली. आज वापरत नाही. माझे तर्कशास्त्र असे होते: जुनी बॅटरी खराब होती, ती बदलली, म्हणजे बॅटरीचा दोष उरला नाही. गाडी बिघडते ती नेमकी रविवारनंतर. रविवारी गाडीत कोण बसतो? एकच जण. तेव्हा टेप चालू ठेवून जाणारा तोच. मी त्याला सर्वांसमोर उभे केले आणि एका मुलाचा जीव तुझ्या गाण्यापायी गेला असता, असे म्हणालो. तो म्हणाला, “सर, मी टेप बंद केलता. चाबी तुमच्याच हातात देली.” मी म्हणालो, “मग बॅटरी काय आपोआप उतरली?”

दीडशे मुले हसली. त्याची चावी बंद झाली.

पुराव्याविना कोणाला दोषी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजातील माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. गावात काही हरवले की पहिली नजर कोणत्या वस्तीकडे वळते, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिलेले आहे. आणि इतिहासाच्या तासाला तर मी याच मुलांना सांगत असे की, दोन घटना एकामागून एक घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. साधन तपासा, साक्ष तपासा. तो मुलगा माझ्या तासाला दुसऱ्या बाकावर बसायचा आणि प्रश्न विचारायचा. सप्टेंबरनंतर त्याने प्रश्न विचारणे थांबवले. मला ते दिसत होते. शिस्त लागली, असे मी समजलो.

दिवाळीच्या सुटीत वसतिगृह रिकामे झाले. तो मुलगा गावी गेला. आम्ही उभयता पत्नीच्या माहेरी एसटीने गेलो, गाडी कडुलिंबाखाली. सहा दिवसांनी परतलो, चावी फिरवली, आणि टक-टकसुद्धा झाले नाही. घड्याळ विझलेले, आतला दिवा विझलेला. मी बराच वेळ आसनावर तसाच बसून राहिलो. ज्याच्यावर आरोप ठेवला होता तो माणूस साठ किलोमीटर दूर असताना गुन्हा पुन्हा घडला होता.

आमच्या विज्ञानाच्या शिक्षिका सुटीत येथेच होत्या. त्यांच्याकडून प्रयोगशाळेतला मल्टिमीटर मागून आणला. त्यांनी आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजायला सांगितले. भरलेली, विश्रांती घेतलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती अर्धी झालेली असते. माझी १०.९ दाखवत होती. ती एका दिवसात बाहेरून चार्ज करून आणली, गाडी सुरू केली आणि इंजिन चालू असताना पुन्हा मोजले: १४.१. म्हणजे अल्टरनेटर आपले काम चोख करत होता. बॅटरी नवी, भरणारे यंत्र ठीक. तेव्हा गाडी उभी असताना काहीतरी वीज पीत असले पाहिजे.

ते पिणे मोजण्याची रीत सोपी आहे. चावी काढायची, दारे लावायची, बॅटरीचे ऋण टोक सोडवायचे, आणि सोडवलेली वायर व टोक यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावून ठेवायचा. गाडीतून जाणारा सगळा प्रवाह मग मीटरमधूनच जातो. मी मॅडमची वाट न पाहता हे स्वतःच केले, आणि मीटरची वायर मिलिअँपिअरच्या छिद्रात खुपसली. किंचित ठिणगी उडाली. मीटरवर शून्य. दहा मिनिटे थांबलो, शून्यच. गाडी काहीही पीत नव्हती! मी गोंधळून मॅडमकडे गेलो. त्यांनी मीटरचे झाकण उघडून आतला काडीएवढा फ्यूज बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तो २०० मिलिअँपिअरचा होता, आणि जळालेला होता. व्होल्ट मोजण्याचा मार्ग वेगळा असल्याने मीटर बाकी शहाण्यासारखा वागत होता. प्रवाह मोजण्यापुरता तो आंधळा झाला होता, आणि शून्य दाखवत होता. “सर, हे शून्य म्हणजे प्रवाह नाही असं नाही. आपल्याला दिसत नाही, एवढंच,” त्या म्हणाल्या. ज्यांच्याविषयी दप्तरात एक ओळ सापडत नाही अशा माणसांचा इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. हे वाक्य मला विज्ञानाच्या शिक्षिकेकडून ऐकावे लागले.

या वेळी वायर १० अँपिअरच्या छिद्रात घातली. आकडा आला ०.४२. अर्धा तास थांबलो तरी तो हलला नाही. अशा साध्या गाडीने उभी असताना फार तर ०.०५ अँपिअर घ्यावा. घड्याळाला आणि आठवणी जपायला तेवढा पुरतो. तेव्हा मी वही उघडून हिशेब मांडला. शनिवारी दुपारी एकपासून सोमवारी सकाळी सातपर्यंत बेचाळीस तास. ०.४२ गुणिले ४२, म्हणजे सुमारे साडेसतरा अँपिअर-तास. बॅटरी पस्तीसची. म्हणजे दर आठवड्याला कोणीही हात न लावता ती निम्मी रिकामी होत होती. सोमवार ते शनिवार रोज दोन फेऱ्या होत, म्हणून रात्रीची गळती दिवसा भरून निघे. आठवड्याला जेमतेम तग धरणारी ती बॅटरी सहा दिवसांच्या सुटीत पार कोरडी झाली. मुलाच्या रविवारच्या तासाचाही हिशेब केला. टेपने त्या तासात दोन अँपिअर घेतले असे धरले, तरी दोन अँपिअर-तास. साडेसतरापुढे दोन.

मग चोर शोधणे. डॅशबोर्डखालच्या पेटीतील फ्यूज एकेक काढायचा आणि मीटरकडे पाहायचे. ज्या फ्यूजने आकडा पडेल त्याच्या वाटेवर गळती. मी सगळे फ्यूज काढले. ०.४२ जागचा हलला नाही. वीज फ्यूजपेटीला वळसा घालून कुठूनतरी जात होती. बॅटरीच्या धन टोकाकडे नीट पाहिले, तेव्हा मूळ जाड वायरीसोबत एक लाल वायर नटाखाली दाबलेली दिसली. ती सोडवली. आकडा ०.०२ वर आला.

त्या वायरीचा मागोवा घेतला तो इंजिन आणि आसन यांच्यामधल्या पत्र्यापर्यंत. पत्र्याच्या भोकात रबरी बूश नव्हता. धारदार कडेवर तीन वर्षे घासून वायरीचे आवरण कापले गेले होते आणि आतल्या तांब्याच्या बारीक तारा चमकत होत्या. बॅटरीपासून इथपर्यंत वाटेत एकही फ्यूज नव्हता. अशा वायरीला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा, हा नियम. कारण फ्यूजच्या अलीकडचा भाग पत्र्याला टेकला तर त्याला अडवणारे कोणी नसते, वायरच निखारा होते. मी त्या गाडीतून मुलांना ने-आण करत होतो. त्या दुपारी गळतीचा विचार काही वेळ माझ्या डोक्यातून गेलाच.

टेप डॅशबोर्डमधून ओढून काढला तेव्हा मागे काळ्या चिकटपट्टीचे एक गाठोडे निघाले. आपल्या उन्हाळ्यात त्या पट्टीचा गोंद वितळून सरकला होता आणि पिळलेल्या तारा उघड्या पडल्या होत्या. आता रंगांचे सांगतो, कारण गाडीत असा टेप बसवून घेणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असावेत. बाहेरून घेतलेल्या बहुतेक टेपांना तीन मुख्य वायरी असतात. पिवळी कायम विजेची. तिच्यावर टेप आपली आठवण, घड्याळ, ठेवलेली स्टेशने जपतो, आणि वाजताना लागणारा मोठा प्रवाहही हिच्यातूनच घेतो. लाल वायर चावीची. चावी फिरली की तिच्यात वीज येते, चावी काढली की जाते, आणि त्यावरून टेपला कधी जागायचे, कधी झोपायचे ते कळते. काळी गाडीच्या लोखंडाला, म्हणजे अर्थला. निळी-पांढरी एक चौथी असते; टेप जागा झाला की ती ॲम्प्लिफायरला उठवते. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर टेप दर वेळी सगळे विसरतो, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. माझ्याकडे अदलाबदल नव्हती. पिवळी, लाल आणि ॲम्प्लिफायरला उठवणारी, या तिन्ही एकत्र पिळून त्या जाड वायरीला बांधल्या होत्या. चावी काढली तरी टेपच्या दृष्टीने ती लागलेलीच होती. बटण दाबल्यावर पडदा विझे, पण आत तो अर्धवट जागा राही. आणि ॲम्प्लिफायर तर रात्रंदिवस टक्क जागा. त्याला सोडवल्यावर ०.४२ चे ०.११ झाले. टेप सोडवल्यावर ०.०२.

मी त्या दुकानातल्या मुलाला मनातल्या मनात काय काय बोललो ते स्मरणिकेत लिहिण्याजोगे नाही. बिल सापडले तर जाऊन जाब विचारावा, म्हणून डॅशबोर्डचा कप्पा उपसला. बिल होते. टेप, ॲम्प्लिफायर, स्पीकर, फिटिंग, आणि खाली निळ्या शाईत, हाताने लिहिलेली पाचवी ओळ: “डायरेक्ट बॅटरी लाइन – १५० रु.”

तेव्हा सगळे आठवले. दुकानात मीच म्हणालो होतो की, चावी न लावता गाणी वाजली पाहिजेत. दीक्षाभूमीच्या वाटेवर मुक्कामाला गाडी उभी असताना ऐकायला बरे पडेल, दर वेळी चावी कशाला अडकवायची. तो मुलगा काहीसा घुटमळला होता. बॅटरीवर लोड येईल असे काहीतरी पुटपुटला होता. मी म्हणालो, होऊ द्या, वेगळे पैसे देतो. अस्सल साधन तीन वर्षे माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर पडून होते, आणि त्यावर मीच दिलेल्या पैशांची नोंद होती.

जोडणी नव्याने करायला दोन दिवस लागले. चावीची वायर शोधण्यासाठी मीटर व्होल्टवर लावून एकेक वायर तपासली. चावी पहिल्या खाचेत असताना १२ आणि काढल्यावर शून्य दाखवणारी सापडली, तिला लाल जोडली. पिवळी स्वतंत्र, कायम विजेवर. निळी-पांढरी ॲम्प्लिफायरकडे. जाड वायर नवी घातली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज बसवला, पत्र्याच्या भोकात रबरी बूश. सांधे सोल्डर केले आणि नळीने झाकले. अखेरचे माप: ०.०२. तीन दिवस गाडी मुद्दाम उभी ठेवली. चौथ्या दिवशी पहिल्या चावीला सुरू झाली.

सुटीनंतरच्या पहिल्या सोमवारी परिपाठाला मी सांगितले की, सप्टेंबरात मी ज्याला दोष दिला त्याचा दोष नव्हता. बॅटरी खरोखरच आपोआप उतरत होती, आणि ती तशी उतरावी अशी जोडणी मी पैसे देऊन करून घेतली होती. मी त्याची क्षमा मागितली. मुले या वेळीही हसली, पण वेगळे. तो खाली पाहत होता. मला वाटले होते की येत्या रविवारी तो चावी मागायला येईल. आला नाही. मी चार वाजता चावी बाहेरच्या खुर्चीवर ठेवली आणि पाच वाजता उचलली. दुसऱ्या रविवारीही तसेच झाले. क्षमा मागणाऱ्याने तारीख ठरवायची नसते, हे पत्नीने मला सांगितले.

तिसऱ्या रविवारी तो आला, पण त्याने चावी मागितली नाही. दारातच उभा राहून म्हणाला, “सर, ते शिट्टीचं पाह्यलं का?”

पाहिले नव्हते. आम्ही दोघांनी पाहिले. गाडी चालू करून मी आवाज हळूहळू पुढच्या स्पीकरकडे वळवला. शिट्टी नाहीशी झाली. मागे वळवला, आली. त्याचे “मागूनच येते” हे जूनमधले विधान शब्दशः खरे होते: दोष ॲम्प्लिफायरच्या वाटेवर. टेपमधून ॲम्प्लिफायरकडे आवाज नेणाऱ्या दोन बारीक केबल उपटल्या, शिट्टी थांबली. म्हणजे ती ॲम्प्लिफायरच्या पोटातली नव्हती, बाहेरून येत होती. मग मीटर. इंजिन चालू ठेवून टेपचा अर्थ आणि ॲम्प्लिफायरचा अर्थ यांच्यामध्ये मोजले. दोन्ही एकाच गाडीच्या लोखंडाला जोडलेले, म्हणजे फरक जवळजवळ शून्य हवा. ०.३५ व्होल्ट होता. टेपची काळी वायर डॅशबोर्डमागच्या रंगवलेल्या पट्टीवर, ॲम्प्लिफायरची आसनाच्या रंगवलेल्या बोल्टखाली. रंग वीज नीट जाऊ देत नाही. दोन अर्थांमधल्या त्या फरकावर अल्टरनेटरची थरथर स्वार होऊन गाण्यात शिरत होती, आणि रेस वाढली की थरथर वेगवान, म्हणून शिट्टी बारीक. आम्ही पॉलिश पेपरने रंग खरवडून लोखंड चकचकीत केले, दोन्ही काळ्या वायरी एकाच जागी आणून घट्ट आवळल्या, आणि विजेची वायर डावीकडे, आवाजाच्या केबल उजवीकडे, अशा गालिच्याखालून वेगळ्या केल्या. पुन्हा मोजले: ०.०२. तो आसनाखाली डोके घालून पडलेला होता. “गेली,” तो म्हणाला. “मले रेस देऊन दाखवा.” दिली. गेली होती.

पण तो समाधानी नव्हता. ढोलकी पोकळ वाजते, म्हणाला. मला काही वेगळे ऐकू येत नव्हते; मला संगीताचा कान नाही. मॅडमना विचारले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळातील सेल काढून दिला. पुढच्या दारांच्या स्पीकरच्या वायरी टेपपासून सोडवून त्यांना क्षणभर दीड व्होल्टचा तो सेल टेकवायचा. सेलचे धन टोक ज्या वायरीला लावल्यावर स्पीकरचा पडदा बाहेर उसळतो, ती धन. उजवा रंगाप्रमाणे बाहेर उसळला. डावा आत गेला. सांधताना कोणीतरी पांढरी आणि पांढरी-काळी उलट पिळली होती. एक स्पीकर हवा पुढे ढकले तेव्हा दुसरा मागे ओढे, आणि दोघांच्या मध्ये खर्जाचा ठोका विरून जाई. वायरी बदलल्या.

त्याने पेन ड्राइव्ह लावला. गाडीची दारे बंद केली, मी मागच्या आसनावर बसलो. दुसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात त्याने हात वर करून मला थांबायला सांगितले, मागे नेऊन तीच जागा पुन्हा लावली, आणि हसला. “बाबा इथं ठेका चुकले. ढोलकीवाल्या काकानं सांभाळून घेतलं. आधी ऐकूच येत नव्हतं.”

ती गाडी मी २०२२ साली विकली. टेप काढून घेतला. सध्या तो वसतिगृहाच्या वाचनालयात, लाकडी खोक्यात बसवलेला आहे आणि बारा व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर चालतो. ज्या मुलांकडे पेन ड्राइव्ह आहे त्यांनी रविवारी चार ते पाच तो लावावा. त्याच्या पिवळ्या आणि लाल वायरी मी या वेळी एकत्र जोडल्या आहेत. तिथे चावी नाही. भिंतीवरचे बटण बंद केले की सगळेच बंद होते.